शब्दचर्चा: शत्रूच्या कंपन्यांचं ‘निर्मूलन’ की ‘उच्चाटन’?

घणसोलीकर: भाषांतर करतेय आणि एका वाक्यावर अडलेय. दुसरं महायुद्ध, दक्षिण अमेरिका. जुलै १९४१ मध्ये अमेरिकेने तिथल्या शत्रुपक्षाशी, म्हणजे जर्मनी-इटलीशी, संबंधित व्यापाऱ्यांची काळी यादी जाहीर केली. जानेवारी १९४२ मध्ये रिओला अमेरिका खंडातल्या देशांचे परराष्ट्रमंत्री जमले आणि पुढे दक्षिणेतल्या सरकारांमागे अमेरिकेचा लकडाच लागला, की शत्रूच्या मालकीचे धंदे तुमच्या देशातून ‘एलिमिनेट’ करा. मी लिहिलं, ‘शत्रूच्या मालकीच्या उद्योगांचे निर्मूलन करण्यासाठी राजनैतिक दबाव’. संपादकांनी निर्मूलन खोडून उच्चाटन केलंय. निर्मूलनात काय वाईट आहे?

नौपाडा: निर्मूलन देवीचं, हिवतापाचं. सरळ ‘जप्ती’ लिहा, सगळ्यांना कळेल.

कळवेकर: जप्ती म्हणजे मिळकत ताब्यात घेणं. धंदा गुंडाळण्याला कायद्यात ‘अवसायन’ हा नेमका शब्द आहे. आमची सहकारी बँक बुडाली तेव्हा अवसायक आला. आई ठेवीच्या पावत्या पिशवीत घालून खेपा घालायची आणि घरी येऊन विचारायची, ‘अवसायक म्हणजे देणारा की नेणारा?’ शब्द शुद्ध असून सामान्य माणसाला काही सांगत नाही, हे मला मान्य आहे. पण अर्थ तोच.

वाशीकर: इथे तो चालणार नाही. कोलंबियातली ‘स्काड्टा’ ही विमान कंपनी घ्या. १९१९ ची, जर्मनांनी उभी केलेली. पनामा कालवा जवळ, म्हणून अमेरिकेला धास्ती. बहुसंख्य शेअर १९३१ पासूनच गुपचूप पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीकडे होते, तरी वैमानिक आणि तंत्रज्ञ जर्मन. १९४० मध्ये त्यांना काढलं आणि कंपनी ‘आव्हियांका’ झाली. विमानं उडतच राहिली. याला अवसायन कसं म्हणायचं?

नौपाडा: आपल्याकडेही हेच झालं. मंगळुरी कौलं! बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या, पण बरेच जर्मन असलेल्या ख्रिस्ती संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी मिशनचे धंदे ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले. भट्ट्या विझल्या नाहीत, मालक तेवढा गेला. माझ्या आजोळी देवगडला अशीच कौलं होती, पाठीवर कारखान्याचं नाव उमटवलेली.

पाचपाखाडी: म्हणूनच संपादक बरोबर आहेत. तंत्र-मंत्रातली षट्कर्मं आठवा: शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण. मारण वेगळं मोजलंय. उच्चाटन म्हणजे शत्रूला त्याच्या जागेवरून उखडून हुसकावणं. फक्त ते उद्योगांचं नव्हे, मालकांचं म्हणा.

कळवेकर: षट्कर्मं आज कोणाच्या डोक्यात आहेत? वर्तमानपत्रात ‘भ्रष्टाचाराचं उच्चाटन’ आणि ‘भ्रष्टाचाराचं निर्मूलन’ एकाच अर्थाने छापतात. लोक वापरतात तो अर्थ.

पाचपाखाडी: लोक ढिलेपणाने वापरतात म्हणून भाषांतरकारानेही तसंच वापरायचं? दोन शब्दांमधला भेद एकदा गेला की परत येत नाही.

ऐरोलीकर: ‘गाशा गुंडाळायला लावणे’ कसं वाटतं? ठाणे-बेलापूर पट्ट्यातली कंपनी बंद पडली की आपण गाशा गुंडाळला असंच म्हणतो. गाशा म्हणजे खोगिरावरचं कापड. स्वार निघाला, एवढाच अर्थ. घोडा मेला असं नाही.

घणसोलीकर: छान आहे, पण लेख गंभीर आहे. शिवाय मला आता ‘शत्रू’च खटकतोय. अर्जेंटिनाने जानेवारी १९४४ पर्यंत जर्मनीशी संबंधसुद्धा तोडले नव्हते, युद्ध पुकारलं मार्च १९४५ मध्ये. तोवर हा शत्रू कोणाचा? दबाव आणणाऱ्याचा. ज्याच्यावर दबाव येतोय त्याच्या लेखी तो शेजारचा दुकानदार. नुसतं ‘शत्रूच्या मालकीचे’ लिहिलं तर मी अमेरिकेची बाजू घेतल्यासारखं होतं.

वाशीकर: हा मुद्दा फार मोलाचा. आपल्या १९६८ च्या शत्रू संपत्ती कायद्यात शत्रू कोण हे आपणच ठरवलंय. तिथे दुसऱ्याने ठरवलेला शत्रू. ‘अमेरिकेच्या शत्रूंच्या मालकीचे’ असं स्पष्ट लिहा. आणि ‘राजनैतिक’ काढा, लोक त्याचा अर्थ राजकीय असा घेतात. ‘राजनयिक’ हवं.

कळवेकर: राजनयिक कोण बोलतं हो? ‘मुत्सद्दी’ आहे ना!

पाचपाखाडी: मुत्सद्दी मुळात अरबी. मोगलांच्या काळी सुरत बंदराच्या अधिकाऱ्याला मुत्सद्दी म्हणत. परराष्ट्र व्यवहाराशी त्याचा काय संबंध?

नौपाडा: पेशवाईत तहाची बोलणी कोण करत होतं? मुत्सद्दीच. आणि अरबी म्हणून काढायचा तर जप्तीही अरबी, तगादाही अरबी. ‘सरकार’ फारसी, त्याचं काय करणार?

पाचपाखाडी: त्याला शासन आहेच.

नौपाडा: शासन म्हणजे शिक्षाही होते. ‘शासनावर दबाव’ असं वाचून बघा एकदा.