खाडीकाठच्या घरी सामान न्यायचे आहे: पाखाडी, भरती-ओहोटी आणि मूव्हर्सशी करायचा करार

प्रश्न: माजघर

नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही, म्हणजे मी, माझे यजमान आणि सासूबाई, कोथरूडचे बिऱ्हाड मोडून गुहागर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घरी कायमचे राहायला जात आहोत. घर वाशिष्ठीच्या खाडीकाठी, धोपाव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका लहान वाडीत आहे. डांबरी रस्ता सड्यावरच्या, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावरच्या, देवळापाशी संपतो आणि तिथून जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरून घर गाठावे लागते. पायऱ्या ११२ आहेत, मध्ये दोन वळणे आहेत, आणि दुसऱ्या वळणावर दोन गडग्यांमधील (दगडी कुंपणांमधील) अंतर मी गेल्या महिन्यात स्वतः टेप लावून मोजले, ते २ फूट १० इंच भरले. घरापुढच्या अंगणाला लागून खाडी आहे आणि आमचा जुना दगडी धक्काही आहे, परंतु ओहोटीला त्याच्यासमोर बराच चिखल उघडा पडतो.

तीन मूव्हर्सकडून दर घेतले. दोघांनी फोनवरच ३४,००० आणि ३८,००० रुपये सांगितले. तिसऱ्याने पुण्यातील घर पाहायला माणूस पाठवला आणि ५७,००० रुपयांचा दर दिला. तिघांच्याही कागदावर ‘घरपोच’ असा शब्द आहे, पण तिघांपैकी एकानेही गुहागरच्या बाजूला गाडी कुठपर्यंत जाते हे विचारले नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

सामानात फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र, दोन लोखंडी कपाटे आणि साधारण दीड हजार पुस्तके आहेत. त्याशिवाय सासूबाईंचे शिसवी कपाट आहे. ते ६ फूट ६ इंच उंच आणि ३ फूट ४ इंच रुंद असून सुटे होत नाही. ते मूळचे याच घरातले आहे, आणि पुण्याला आणताना ते पडावातून (मोठ्या होडीतून) खाडीपलीकडच्या दाभोळला नेले होते, असे सासूबाई सांगतात. करारात नेमके काय लिहून घ्यावे, आणि जड सामान होडीने आणणे शहाणपणाचे ठरेल का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर: आगरवाट

ताई, आपली काळजी रास्त आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही ठाण्याहून श्रीवर्धनच्या बाजूला आलो, तेव्हा नेमक्या याच शब्दाने आमचा घात केला. ‘घरपोच’ म्हणजे गाडी जिथे थांबेल तिथून साधारण पन्नास पावलांपर्यंत, असा अर्थ त्या कंपनीने आमच्या अंगणापासून पाव किलोमीटरवर गाडी थांबल्यावर सांगितला. बरोबर चारच माणसे होती आणि दुपारचे साडेतीन वाजले होते. सामान खाली नेण्यासाठी त्यांनी १८,००० रुपये जास्तीचे मागितले, आणि पैसे हातात पडेपर्यंत मागचा दरवाजा उघडला नाही. वडील त्या वेळी आजारी होते, त्यांची खाट आणि औषधांचे खोके गाडीतच होते. आम्ही पैसे दिले. त्या दिवशी मी शिकलो की, अवघड जागेची हकिकत गिऱ्हाइकाने आधी स्वतःहून, लेखी आणि चित्रासह द्यावी, म्हणजे ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे म्हणायला जागाच राहत नाही.

आपण देवळापासून घराच्या ओटीपर्यंत चालत एक सलग व्हिडिओ काढा, आणि त्यात वळणावर टेप लावून दाखवा. तो तिन्ही कंपन्यांना पाठवून नवा दर मागा. करारात ‘घरपोच’ऐवजी ‘देवळाजवळील रस्त्याच्या टोकापासून ११२ पायऱ्या उतरून घरातील ज्या त्या खोलीपर्यंत’ असे लिहून घ्या. किती माणसे येणार आणि ती पुण्याहून येणार की चिपळूणहून घेणार, हेही त्यातच यावे. ज्या कंपनीचा दर व्हिडिओ पाहूनही एक रुपयाने वाढत नाही, तिच्याकडे मी सामान देणार नाही, कारण ती वाढ आपल्याला देवळापाशी ऐकावी लागेल.

दुसरे असे की, उतरवण्याचे काम पुण्याच्या कंपनीकडे ठेवायचे की वाडीतल्या माणसांकडे, हे आधीच ठरवा. शहरातील हमाल जिन्यावर पटाईत असतात, परंतु पाखाडीच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसतात, आणि जांभ्यावर पाय कसा टाकायचा ते तिथल्याच माणसाला कळते. आम्ही आता काहीही जड आणायचे असेल तर गाडीचा करार रस्त्याच्या टोकापर्यंतच करतो आणि पुढचे काम गावातल्या सहा जणांना अंगावर देतो. मात्र एप्रिल-मे हे आंब्याचे दिवस आहेत. माणसे बागांत असतात आणि टेम्पो पेट्यांच्या भाड्यावर असतात, म्हणून आजच गावी फोन करून माणसे सांगून ठेवा.

उत्तर: तांडेलाचा नातू

ताई, माझे आजोबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख खलाशी, होते आणि आमच्या घरी आजही दोन होड्या आहेत, त्यामुळे होडीबद्दल मी सविस्तर लिहितो.

शिसवी कपाट होडीनेच आणावे. २ फूट १० इंचांच्या वळणावर ३ फूट ४ इंचांचे कपाट आडवे करून, तिरके धरून कदाचित निघेलही, पण सहा जणांना त्या वळणावर उभे राहायलाच जागा मिळणार नाही, आणि शिसवाचे वजन एका बाजूला गेले की खालच्या माणसाचा जीव धोक्यात येतो. सासूबाईंच्या घरच्या मंडळींनी ते पडावातून नेले, याचे कारण हेच असणार.

होडीने आणायचे तर सगळे भरतीवर अवलंबून आहे. आमच्याकडे जुना हिशेब असा आहे की, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. रोज ही वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, आणि भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. खाडीत मुखापासून जितके आत जावे तितकी भरती थोडी उशिरा लागते, म्हणून आपल्या धक्क्यावरची नेमकी वेळ शेजाऱ्यांना विचारा किंवा एक दिवस तिथे बसून पाहा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. त्या दिवसांत आपल्या धक्क्यापर्यंत भरलेली होडी टेकेलच याची खात्री नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी भरपूर असते, पण ओढही जोराची असते, आणि शिसवी कपाटासारखी वस्तू चढवता-उतरवताना ती ओढ नको असते. माझ्या मते शुद्ध किंवा वद्य द्वादशी-त्रयोदशी आपल्याला सर्वांत सोयीची. पाणी पुरेसे असते आणि भरती सकाळी नऊ ते पावणेदहाच्या सुमारास येते. मे महिन्यात दुपारनंतर समुद्रावरचा वारा जोर धरतो आणि खाडीत लाट उठते, म्हणून सकाळची भरती मिळणे हीच मोठी गोष्ट आहे.

क्रम असा ठेवावा. गाडी आदल्या संध्याकाळी धोपाव्याच्या जेटीजवळ येऊन उभी राहिली पाहिजे. पहाटे सामान होडीत चढवून, चढत्या पाण्याबरोबर वर निघावे, म्हणजे प्रवाहाची मदत होते. पूर्ण भरतीच्या आधी तासभर धक्क्याला लागावे, म्हणजे उतरवायला दीड-दोन तास हाताशी राहतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने हा हिशेब न पाहता दुपारी होडी आणली. ती धक्क्यापासून वीस हातांवर चिखलात बसली, आणि गाद्या, फ्रिज आणि माणसे पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे रात्री नऊपर्यंत, तिथेच अडकून राहिली. त्या चिखलात उतरून सामान नेता येत नाही, माणूस मांडीपर्यंत रुततो.

कपाटासाठी एका होडीवर भरवसा ठेवू नये. दोन सारख्या होड्यांची सांगड घालून वर फळ्या टाकाव्यात, कपाट पाठीवर आडवे ठेवावे, खाली गाद्या घालाव्यात आणि काथ्याच्या दोराने चारही बाजूंनी बांधावे. होड्या नोंदणी असलेल्याच घ्याव्यात, आणि बरोबर जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट असावे. सासूबाईंना सामानाच्या होडीत मुळीच बसवू नका.

उत्तर: बिल्टी

मी मालवाहतुकीच्या दाव्यांचे काम पाहतो, त्यामुळे फक्त कागदांपुरते लिहितो. २००७ चा रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीचा केंद्रीय कायदा आणि त्याखालील २०११ चे नियम यांनुसार, मालाची किंमत आधी जाहीर केली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. इथे एक मेख आहे. कंपनी आपल्याला एक रक्कम सांगते, पण तीत पॅकिंग, मजुरी आणि भाडे हे सर्व मिळून असते, आणि बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदार देतो त्या मालाच्या पावतीवर, निव्वळ भाडे अनेकदा फार कमी दाखवलेले असते. म्हणून प्रत्येक मौल्यवान वस्तूची किंमत यादीत लिहा, त्या यादीवर कंपनीची सही घ्या आणि तिचा उल्लेख बिल्टीवर करून घ्या. नुकसान झाल्यास दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते.

बिल्टी कोणाच्या नावाची आहे तेही पाहा. फोनवर दर देणाऱ्यांपैकी बरेच जण दलाल असतात, त्यांची स्वतःची गाडी नसते. गाडीचा क्रमांक आदल्या दिवशी मिळायलाच हवा. विम्याची पॉलिसी रस्त्याच्या वाहतुकीची असेल तर होडीचा टप्पा तीत येतो की नाही, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. आणि मूव्हर्सने दिलेला ‘विमा’ ही खरी पॉलिसी आहे की त्यांचीच पावती, हे पॉलिसी क्रमांक मागितला की लगेच कळते. घरातील वापरलेल्या सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा कागद) लागत नाही, तरी नाक्यावर दाखवायला सही केलेली यादी चालकाजवळ असू द्या. तक्रार करण्याची वेळ आलीच तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

उत्तर: चिऱ्याची भिंत

दोनच गोष्टी सुचवते. कपडे धुण्याचे यंत्र पुढून उघडणारे असेल तर त्याच्या पाठीमागे बसवायचे ट्रान्झिट बोल्ट शोधा, कारण त्यांच्याशिवाय पाखाडीवरच्या हेलकाव्यांनी आतला ड्रम निखळतो. घरात सापडले नाहीत तर सर्व्हिस सेंटरकडून मागवा. पुस्तकांची खोकी लहान घ्या. एका माणसाला ११२ पायऱ्या उतरायच्या असतील तर पंधरा किलोंच्या वर काहीही नको, आणि मोठी खोकी तळातून फाटतात. फ्रिज उभाच न्या, आडवा करावाच लागला तर घरी उभा ठेवल्यावर काही तास सुरू करू नका.

माजघर

सर्वांचे मनापासून आभार. काल व्हिडिओ पाठवला. ३४,००० रुपयांचा दर देणाऱ्याने ‘काही अडचण नाही, दर तोच’ असे कळवले, म्हणून त्यांना नकार दिला. ३८,०००वाल्यांचे उत्तरच आले नाही. तिसऱ्या कंपनीने ५७,००० रुपयांचा दर उलट ४९,००० केला, कारण आता त्यांचे काम देवळापर्यंत आणि जेटीपर्यंत सामान पोहोचवून तिथे उतरवण्यापुरतेच आहे. दोन ठिकाणी उतरवायचे असल्याने त्यांना सामान वेगवेगळे रचावे लागेल, आणि तेही करारात लिहिले आहे. गाडी चिपळूणकडे उतरणाऱ्या कुंभार्ली घाटानेच यावी हेही लिहून घेतले. नकाशा पाहून चालक दापोलीमार्गे दाभोळला आला आणि रात्री उशीर होऊन फेरीबोट बंद झाली, तर सकाळची भरती हातची जाईल. पुढच्या कामासाठी गावातले सात जण वद्य द्वादशीला यायला कबूल झाले आहेत. सासूबाईंनी कपाटाच्या किमतीच्या रकान्यात काय लिहायचे यावर बराच वेळ विचार केला आणि शेवटी सुताराला बोलावून आज तसे नवे करायला किती लागतील ते विचारून तोच आकडा लिहिला.

एकच शंका राहिली आहे. आमच्या धक्क्याची वरची पायरी एका बाजूने खचली आहे. कपाट तिथून अंगणात कसे घ्यावे?

तांडेलाचा नातू

खचलेल्या पायरीवर कोणीही पाय देऊ नये. पोफळीचे दोन जाड सोट होडीच्या काठापासून थेट अंगणाच्या कडेपर्यंत टाका, त्यावर ओले गोणपाट पसरा आणि कपाट त्यावरून दोराने ओढून घ्या. दोर ओढणारे चौघे अंगणात हवेत, दोघे होडीत मागून आधार द्यायला हवेत, आणि सातव्याने फक्त पाण्याकडे पाहून हाक द्यायची. पाणी चढत असताना होडी हळूहळू वर येते, त्यामुळे सोटांचा उतार आपोआप कमी होत जातो. म्हणून कपाट सर्वांत शेवटी, भरती पूर्ण होता होता काढा. गाद्या आणि पेट्या आधी उतरवून घ्या. द्वादशीला मी मोकळा आहे, पहाटे जेटीवर येईन.