रजा संपतेय, बाळ-ऑफिस-घर कसं जमवता?

नवी आई: पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय, बाळ सहा महिन्यांचं होईल. नवरा सांगितलं की करतो, पण डायपर संपले, लस कधीये, हे सगळं लक्षात मीच ठेवायचं, त्यानेच जीव दमतो.

रिप्लाय १: अगं एकेक काम पूर्णच सोपव त्याच्यावर. लसीकरण त्याचं म्हणजे कार्ड, तारीख, अपॉइंटमेंट सगळं तोच बघेल, आणि तू मधेमधे विचारायचं नाही, हेच खरं अवघड जातं बघ.

रिप्लाय २: +१. आणि बाटलीची किंवा वाटी-चमच्याची सवय आत्तापासूनच लाव. काढलेलं ताजं दूध बाहेर 4 तास, फ्रीजमध्ये 4 दिवस टिकतं, डब्यावर तारीख टाक. घर पसरलेलं राहिलं तर राहू दे गं, झोप घे!