पुराची सहानुभूती मान्य, पण पैसे घेतलेलं नाणं दुसऱ्याला विकायचं?

वाशिष्ठीकाठ:
‘चिपळुणात नाणी-तिकिटांचं हे एकच दुकान उरलंय, पुरातून उभं राहिलंय, कुरकुर करण्यापेक्षा खरेदी करा’ अशी पोस्ट परवा इथे पडली आणि खाली नुसते बदाम आणि जोडलेले हात. म्हणून हे लिहितोय.

मी त्या दुकानाचा शाळेपासूनचा गिऱ्हाईक. आधी काड्यापेट्यांची चित्रं, मग तिकिटं, मग नाणी. शिवराई या जुन्या तांब्याच्या नाण्याचा दुदांडी प्रकार कसा ओळखायचा हे दुकानवाल्या काकांनीच शिकवलं, ते नाकारत नाही. पण आताचं बघा. पोर्तुगीज इंडियाचा १८८१चा रुपिया, लुईस राजाचा, मला हवा होता. काका म्हणाले, येतोय, पैसे ठेवून जा. ठेवले. मग फोन उचलणं बंद, मेसेजला फक्त निळ्या खुणा. आणि एक दिवस तोच रुपिया, राजाच्या कानामागे तोच ओरखडा, त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिलावाला! मुंबईच्या कोणीतरी उचलला. विचारलं तर ‘तुमचा वेगळा आहे’. पावती? ‘आपल्यात कसली पावती?’ पैसे परत मागितले तर ‘त्या बदल्यात दुसरं काहीतरी घेऊन जा’. दुसरं काहीतरी म्हणजे वर्षानुवर्षं न खपलेला माल. अजून किती खरेदी करू, ते पोस्टवाल्यांनी सांगावं.

बाजारपेठकर:
पोस्ट माझीच. २२ जुलै २०२१ला आपण कुठे होतात? टीव्हीसमोर? दुकानात माणूस बुडेल एवढं पाणी होतं. तिकिटांना मागून डिंक असतो, पाणी लागलं की अख्खा अल्बम एक वीट होतो. १९४८चा गांधींचा चार तिकिटांचा संच, दहा रुपयांच्या तिकिटासकट, मी स्वतः चिखलातून काढलाय. फेकावा लागला. त्या माणसाने पुन्हा शटर उघडलं आणि तुम्ही एका रुपियासाठी चारचौघांत अब्रू काढताय.

खेर्डीकर:
पूर ‘आला’ नव्हता, कोळकेवाडी धरणाचं पाणी सोडलं म्हणून...

वाशिष्ठीकाठ:
खेर्डीकर, हात जोडतो, तो विषय नको. दोनशे प्रतिसाद होतात आणि माझा रुपिया राहतो बाजूला.

देवगडचो:
पुराच्या नावार अजून किती वर्सा गिऱ्हाईकाक फसवतलो तो? आमच्याकडे वादळात कलमा आडवी झाली, म्हणान आम्ही पेटीत सडके आंबे भरूक नाय.

बाजारपेठकर:
देवगडच्या नावाने कर्नाटकचा आंबा कोण विकतं तेही बोलूया का?

माहेरवाशीण:
माझाही अनुभव ऐका. आजी गेल्यावर देव्हाऱ्यातल्या शिवराया घेऊन मी त्याच दुकानात गेले होते. विकायला नाही, नुसतं काय आहेत ते विचारायला. दर दिवाळीला आजी आमसुलाच्या पाण्याने घासायची, कशा लखलखीत होत्या! काकांनी भिंगातून बघितलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर हसून म्हणाले, ‘वाट लावलीत, आता या भंगारात घाला.’ मी रडतच बाहेर आले.

दुदांडी:
ताई, हसायला नको होतं. पण बोलले ते खरं आहे. तांब्यावर जो काळपट थर चढतो तो मळ नसतो, तोच धातूला सांभाळतो. आंबटाने तो गेला की आतलं तांबं गुलाबी दिसतं, पुन्हा काळं पडतं तेही डागाडागांनी. शिवाय घासून घासून ‘श्री राजा शिव’मधला ‘शिव’ जातो. संग्राहक ते नाणं हातात घेत नाही.

माहेरवाशीण:
म्हणजे देवाच्या ताम्हनात काळंकुट्ट नाणं ठेवायचं? आजीने संग्राहकांसाठी नव्हती ठेवली ती.

देवगडचो:
बरोबर बोललास गो बाय.

दुदांडी:
पूजेला ठेवा, मग किंमत विचारू नका. एवढंच म्हणतोय. आणि आपल्या खाऱ्या हवेत हिरवी भुकटी धरली तर ती मात्र काढावीच लागते, नाहीतर नाणं खात जाते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात तर अजिबात ठेवू नका, वर्षभरात हिरवा चिकटा सुटतो. काका स्वतः त्याच पाकिटांत विकतात, कितीदा सांगितलं!

खेर्डीकर:
आमच्या भावाने ईस्ट इंडिया कंपनीच्या तांब्याच्या पैशाला ब्रासो लावलं होतं. आरशासारखं झालं. मी तर अजून बघतो त्यात.

दुदांडी:
🙏

माहेरवाशीण:
माझं संपलेलं नाही. शेवटी तीन शिवराया मी त्यांनाच देऊन टाकल्या, मिळून दीडशे रुपयांत. भंगार ना! पुढच्या महिन्यात जावेने त्या ग्रुपवरचा फोटो पाठवला. ‘कोकणातील जुन्या घराण्याच्या देव्हाऱ्यातील शिवराई, दुर्मीळ चकाकी.’ किंमत एकेकीची चार आकडी.

वाशिष्ठीकाठ:
दुर्मीळ चकाकी!! आमसुलाची!

दुदांडी:
हे वाईट आहे. इथे मी काकांची बाजू घेणार नाही.

हर्णेवाला:
त्या ग्रुपवर दुबई-कुवेतचेही लोक आहेत, आमचेच नातेवाईक. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं, धंद्याला परवाना लागतो आणि देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. काकांना ठाऊक आहे का? बरं, जाणकारांनो, ट्रॅक्टरवाली पाचची नोट आहे घरात, लाखांत जाते म्हणतात.

दुदांडी:
पाच रुपयाला जाते. ‘आधी शुल्क भरा’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२१मध्येच बजावलंय.

बाजारपेठकर:
झालं? आता कायदा, कुवेत सगळं त्या एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर. ठीक आहे, पावती द्यायला हवी होती, लिहून घ्या. पण लहानपणी दुपारभर फुकट अल्बम चाळताना तुम्हीही पावती मागितली नव्हतीत.

वाशिष्ठीकाठ:
लहानपणी मी आगाऊ पैसेही दिले नव्हते.

हर्णेवाला:
रत्नागिरीला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंत फी नाही, घरबसल्या ऑनलाइन होतं. पैसे यूपीआयने दिलेत ना?

वाशिष्ठीकाठ:
रोख. पण ‘पैसे मिळाले, नाणं येतंय’ असा त्यांचा मेसेज आहे. लिलावाचे फोटो आहेत. आणि काल मला त्या ग्रुपमधून काढून टाकलं, त्याचाही स्क्रीनशॉट घेतलाय.

देवगडचो:
काकांक ग्रुपमधसून काढूक येता? फोन उचलूक येना नाय तो!

बाजारपेठकर:
काकांनी नाही, मी काढलं. अ‍ॅडमिन मी आहे. ग्रुपवर व्यक्तिगत तक्रारी चालत नाहीत, नियम वर पिन केलाय.

माहेरवाशीण:
मग ती ‘दुर्मीळ चकाकी’ कोणी लिहिली होती हो?