मदत हवी आहे: भारीतल्या दुकानातून कोट घ्यायचाय, पण पैसे वसूल व्हायला हवेत (लीड्स)

रानजाई

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याहून लीड्सला आलो. नवरा इथल्या हॉस्पिटलात आहे आणि मला जानेवारीपासून ऑफिसात रुजू व्हायचंय. त्याआधी एक धड लोकरी कोट, दोन-तीन फॉर्मल पँटी आणि बूट एवढी खरेदी आहे. सध्या पुण्याहून आणलेल्या जाकिटावर भागवतेय. सिंहगडावर पहाटे जायला ते ठीक होतं, इथला वारा मात्र त्यातून आरपार जातो.

नवऱ्याचं म्हणणं, प्रायमार्कमधून घे, दोन हिवाळे घाल आणि सोडून दे. शेजारच्या बाई (सत्तरीच्या, पक्क्या यॉर्कशायरच्या) म्हणतात, मार्क्स अँड स्पेन्सर नाहीतर जॉन लुईस गाठ, एकदाच घे आणि दहा वर्षं बघायला नको. दोन्हीकडे चक्कर मारून आले. किंमत वाचली की मनातल्या मनात रुपयांत गुणाकार होतो आणि हात आपोआप मागे येतो. कोटासाठी बजेट १५० पौंड, फार तर २००.

अशा दुकानात आपण पैसे नक्की कशाचे मोजतो, कापडाचे की नावाचे? ६० पौंडांचा आणि १६० पौंडांचा कोट शेजारी टांगले तर मला फरक कळत नाही, तो कसा ओळखायचा? सेलची वाट बघावी का? घरी आणल्यावर नको वाटला तर परत घेतात का, आणि सेलमधलाही? शिवाय सासूबाई आणि सासरे मार्चमध्ये येताहेत. पाहुण्यांना परत जाताना विमानतळावर टॅक्स परत मिळतो असं ऐकलंय. मग त्यांच्या नावावर खरेदी केली तर चालेल का?

उंची पाच फूट एक इंच. इथल्या सगळ्या बाह्या माझ्या बोटांच्याही पुढे जातात. यावर कोण काय करतं तेही सांगा.

खारीबिस्कीट

शेवटून सुरू करतो. टॅक्स परत मिळण्याचं विसरा. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये पर्यटकांना व्हॅट परत देणारी योजना ३१ डिसेंबर २०२० ला संपली. उत्तर आयर्लंडमध्ये आहे, पण तेवढ्यासाठी कोण बेलफास्टला जाणार? आणि ती सोय पाहुण्यांनी स्वतःबरोबर देशाबाहेर नेलेल्या वस्तूंसाठी होती. कोट तुमच्याच खुंटीवर राहणार असेल तर सासूबाईंच्या नावावर घेऊन तेव्हाही काही मिळालं नसतं.

व्हॅटचीच एक दुसरी गंमत. मोठ्यांच्या कपड्यांवर आणि बुटांवर २० टक्के व्हॅट असतो, लहान मुलांच्या कपड्या-बुटांवर शून्य. तुमचं पाऊल लहान असेल तर मुलींच्या विभागातले साधे काळे शाळेचे बूट एकदा घालून बघा. ऑफिसात कोणाला कळत नाही. आमच्या घरी हे राजरोस चालतं.

टाचणी

शिवणकामात आयुष्य गेलं आहे, म्हणून कापडापुरतं बोलते.

नाव सोडा, आतली चिठ्ठी वाचा. इथे कायद्याने प्रत्येक कपड्यावर कोणता धागा किती टक्के ते लिहावं लागतं. एकाच दुकानात, एकाच रांगेत, जवळपास एकाच किमतीचे दोन कोट असतात. एकात ७५ टक्के लोकर, दुसऱ्यात ७० टक्के पॉलिएस्टर आणि चवीपुरती लोकर. बाहेर दोघांवर 'वूल ब्लेंड' लिहिलेलं. त्यामुळे दुकान भारी म्हणजे माल भारी असं डोक्यातून काढून टाका. भारी दुकानात चांगला माल सापडण्याची शक्यता जास्त, एवढंच.

लोकर ७० टक्क्यांच्या वर बघा. सोबत दहा-वीस टक्के नायलॉन असेल तर नाक मुरडू नका, त्याने कापड मजबूत होतं. पॉलिएस्टर पहिलं लिहिलं असेल तर तो कोट ६० पौंडांनाच घ्यावा, १६० ला नाही. 'रिसायकल्ड वूल' हल्ली पुष्कळ दिसते. पर्यावरणाला बरी, पण जुनं कापड पिंजून केलेली असल्याने धागे आखूड असतात आणि काखेत, पिशवी घासते तिथे गोळे लवकर धरतात.

मग हात लावायचा. कापड मुठीत घट्ट आवळून सोडा, सुरकुत्या लगेच सैल व्हायला हव्यात. बोटांनी एक जागा थोडा वेळ चोळा. तिथे लगेच भुरभुर सुटली तर हिवाळाभर काय होईल ते समजा. पैठणी घेताना आपण पदर उलटून मागची बाजू बघतो ना, तसा कोट आतून बाहेर करून बघा. खोटं काम आत दडलेलं असतं. अस्तर बाह्यांपर्यंत गेलंय का, काखेत ताणलेलं आहे का, शिवणीला धागे लोंबताहेत का. व्हिस्कोसचं अस्तर पॉलिएस्टरपेक्षा बरं, अंगाला घाम धरत नाही. चौकड्याचं कापड असेल तर बाजूच्या शिवणीवर रेघेला रेघ जुळते का ते बघा. ती जुळवायला कापड जास्त लागतं आणि पैसे वाचवायचे असले की सगळ्यात आधी तिथेच कात्री लागते. बटणाखाली धाग्याची छोटी दांडी हवी, नुसतं चिकटवल्यासारखं शिवलेलं नको.

उंचीचं: 'पेटीट' लिहिलेला विभाग शोधा, तो साधारण पाच फूट तीन इंचांच्या आतल्या बायकांसाठी असतो. तिथे नुसती लांबी कमी नसते, खांदा आणि कंबरेची जागाही वर घेतलेली असते. नेहमीच्या मापातलाच आवडला तर फक्त खांदे बघा. बाही आणि घेर कुठलाही आल्टरेशनवाला कमी करून देईल. खांदा उसवून बसवायचा म्हणजे अर्धा कोट नव्याने शिवणं.

मुक्कामपोस्ट

टाचणीताईंना पूर्ण अनुमोदन. मी सेलचं सांगतो.

कोटांची पहिली मोठी सूट नोव्हेंबरअखेर ब्लॅक फ्रायडेला येते. दुसरी २६ डिसेंबरला, म्हणजे बॉक्सिंग डेला. दुसरी जास्त खोल असते, पण तोवर लहान मापं आणि साधे रंग संपलेले असतात. तुमच्यासारख्या लहान मापाच्या माणसाने फार ताणू नये. आत्ताच दोन कोट नक्की करा, दुकानाच्या ॲपमध्ये यादीत टाकून ठेवा आणि किंमत हलली की घ्या. 'होती इतकी, आता इतकी' यातल्या 'होती'कडे बघूच नका. हा कोट या किमतीला सेल नसताना घेतला असता का, एवढाच प्रश्न.

जॉन लुईसचं एक ब्रीद आहे, आमच्यापेक्षा स्वस्त कुठे मिळणार नाही अशा अर्थाचं. १९२५ पासूनचं. २०२२ मध्ये त्यांनी ते बंद केलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा आणलं, आता २५ ठरावीक दुकानांशी तुलना करतात. पण ते ब्रँडच्या मालाला लागू पडतं. त्यांच्या स्वतःच्या लेबलचा कोट दुसरीकडे मिळतच नाही, मग तुलना कशाशी? टीव्ही, मिक्सर, बूट घेताना त्याचा उपयोग आहे.

मार्क्सचं मोफत कार्ड (स्पार्क्स) काढून ठेवा, अधूनमधून बऱ्या ऑफर येतात. आणि नवरा एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) असेल तर त्याला ब्लू लाइट कार्ड, म्हणजे अशा कर्मचाऱ्यांसाठीचं सवलतीचं कार्ड, काढायला लावा. पाचेक पौंड भरले की दोन वर्षं चालतं. कुठे किती सूट ते सारखं बदलतं, पैसे देण्याआधी बघायची सवय ठेवायची.

अवांतर: मार्क्स अँड स्पेन्सरचा जन्म तुमच्याच गावातला. १८८४ मध्ये मायकेल मार्क्सने लीड्सच्या कर्कगेट मार्केटात गाळा टाकला. पाटी होती, किंमत विचारू नका, सगळं एक पेनी. आज त्याच मार्केटासमोर जॉन लुईस उभं आहे.

वाफाळ

मी नवऱ्याच्या बाजूने. म्हणजे प्रायमार्क नको, पण भारीतल्या दुकानात नवाच कोट कशाला? शनिवारी सकाळी हॅरोगेट किंवा इल्कलीला जा. पैसेवाल्यांची गावं, तिथल्या चॅरिटी शॉपमध्ये (लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तूंचं दुकान) त्याच दुकानांचे कोट पाव किमतीत असतात, शंभर टक्के लोकरीचेसुद्धा. टाचणीताईंनी सांगितलेल्या सगळ्या परीक्षा तिथे पास होणारे. वापरून झाल्यावरही टिकलाय म्हणजे कापडाची परीक्षा आधीच झालेली.

आउटलेटवर (ब्रँडचा माल सवलतीत विकणारी दुकानं) मात्र फार विसंबू नका. काही ब्रँड आउटलेटसाठी वेगळा, हलका माल बनवतात. तो मूळ दुकानात कधी टांगलेलाच नसतो.

बर्फाळ

वाफाळ, जुना कोट सगळ्यांना चालत नाही हो. माझ्या आईला कळलं असतं तर तिने मला दारातच अंघोळ घातली असती. 😀

परतीचं. दुकानात जाऊन घेतलेली वस्तू केवळ आवडली नाही म्हणून परत घ्यायला दुकान कायद्याने बांधील नाही. बहुतेक मोठी दुकानं स्वतःच्या नियमाने घेतात, मुदत पावतीवर असते. ऑनलाइन घेतली तर हातात आल्यापासून १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते. त्यामुळे मन डळमळीत असेल तर दुकानात घालून बघा आणि ऑर्डर घरून करा.

वस्तू सदोष निघाली तर गोष्ट वेगळी. २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टनुसार पहिल्या ३० दिवसांत पूर्ण पैसे परत मागता येतात. त्यानंतर दुकानाला दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी द्यावी लागते. सहा महिन्यांच्या आत दोष निघाला तर तो मुळात नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचं, तुम्ही नाही. सेलमधल्या मालालाही हेच सगळं लागू. 'सेलचा माल परत नाही' असं काउंटरवर कोणी म्हटलं तर शांतपणे कायद्याचं नाव घ्या, मॅनेजर येतो. माझ्या कोटाची शिवण उसवली तेव्हा एका दुकानात हेच झालं. नाव घेत नाही.

आणि १०० पौंडांच्या वरची वस्तू क्रेडिट कार्डवर घ्या. दुकान बुडालं किंवा ऐकेना तर बँकेकडे दाद मागता येते, त्याला सेक्शन ७५ म्हणतात. डेबिट कार्डला तो लागू नाही.

रानजाई

सगळ्यांना खूप धन्यवाद! एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज पुन्हा जाऊन चिठ्ठ्या वाचून आले. सेल्सवाल्या मुलीला वाटलं असेल ही बाई कोट घ्यायला आलीय की तपासणीला.

आता दोन उरलेत. एक १५९ पौंडांचा: ७२ टक्के लोकर, २० पॉलिअमाइड, बाकी पॉलिएस्टर. पेटीट, गडद निळा, गुडघ्याच्या जरा वर. दुसरा १२९ चा, ५५ टक्के रिसायकल्ड लोकर, पेटीट नाही, पण रंग इतका सुंदर (उंटाच्या रंगाचा) की सोडवत नाही. त्याची बाही कमी करावी लागेल आणि तिला खाली तीन बटणं आहेत. पाऊस पडला तर लोकरीचं काय होतं? वॉटरप्रूफ वेगळं घ्यावं का? बाकी पँटींसाठी मी प्रायमार्कला जाणार, नवऱ्याचीही कुठे जीत व्हायला हवी.

खारीबिस्कीट

पँटींना प्रायमार्क चालेल. टी-शर्ट, स्कार्फ, छत्री यांनाही भारीतलं दुकान नको. अंतर्वस्त्रांना मात्र मार्क्स. बायको सांगते की तिथे माप मोफत घेऊन देतात आणि त्यानंतर तिने दुसरीकडे बघितलेलं नाही.

टाचणी

निळा घ्या. पॉलिअमाइड म्हणजेच नायलॉन, तेव्हा मी म्हटलेलं मिश्रण तेच. उंटरंगी कोटाच्या बाहीला बटणं असतील तर ती काढून, बाही कापून, पुन्हा वरती बसवावी लागतील. साध्या बाहीपेक्षा मजुरी बरीच जास्त, ३० पौंडांचा फरक तिथेच जाईल. शिवाय त्या रंगावर बसमधला प्रत्येक डाग दिसतो.

रिमझिम लोकर सहज झेलते. घरी आल्यावर झटकून जाड हँगरवर टांगा, हीटरवर टाकू नका. धो धो पावसाच्या दिवशी जाकिटावरच साधं रेनकोट चढवा, महाग वॉटरप्रूफची गरज नाही. ड्रायक्लीन हंगामात एकदा, उन्हाळ्यात ठेवताना. एरवी मऊ ब्रश मारायचा. मळका ठेवलात तर कसर लागते, आणि इथली कसर आपल्याकडच्यापेक्षा कमी नाही. साफ करून झिपच्या पिशवीत ठेवा.

घ्यायला जाल तेव्हा ऑफिसात घालायचा ब्लेझर अंगावर घालून जा आणि त्यावर कोट चढवून सगळी बटणं लावा, दोन्ही हात पुढे करा. पाठीत किंवा बटणांपाशी ओढ बसली तर एक माप वरचं मागा.