मदत हवी आहे: एल्कचा टॅग, बाहेरच्या राज्यातून अर्ज केला तर नंबर लागतो का?

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, "बिचारा मुका प्राणी"वाले प्रतिसाद कृपया दुसऱ्या धाग्यावर, इथे फक्त हिशोबाची मदत हवी आहे. मी डॅलसला असतो, ऑफिसातल्या दोघांबरोबर इकडे हरणाची शिकार करतो. टेक्सासात भानगड नाही, लायसन्स घेतलं की हरणाचे टॅग (म्हणजे एकेक प्राणी मारायची परवानगी) त्यातच येतात, जमीन मात्र बहुतेक खाजगी म्हणून लीजचे पैसे मोजायचे. आता तिघांना एल्क (इकडचं मोठं हरीण) करायचाय, तर तिकडे पश्चिमेत चांगल्या युनिटला (शिकारीसाठी आखलेल्या भागाला) आधी ड्रॉ, म्हणजे अर्जांतून नंबर काढणं, आणि ड्रॉमध्ये आपण नॉनरेसिडेंट म्हणजे शेवटच्या पंगतीतले.

न्यू मेक्सिको सगळ्यात जवळ म्हणून तिथलं वाचलं. पॉइंट (साठवले की ड्रॉमध्ये पुढे नेणारे गुण) वगैरे काही नाही, सरळ लॉटरी, पण ८४ टक्के टॅग तिथल्या रहिवाशांना, १० टक्के आउटफिटरशी (शिकारीची सोय करणाऱ्या कंपनीशी) करार केलेल्यांना, आणि उरलेले ६ टक्के आपल्यासारख्यांना. म्हणजे ५० टॅगचं युनिट असेल तर ३ टॅग, आणि आम्हीच तिघं! वर टॅगची पूर्ण फी अर्जाबरोबरच भरायची, नंबर नाही लागला तर परत मिळते पण तोवर अडकलेली. वायोमिंग आणि कोलोरॅडोला पॉइंट साठवायचे म्हणे, पण आज शून्यापासून सुरू केलं तर आपली पाळी येणार कधी, कारण दरवर्षी लागणारे पॉइंटही वाढतच जातात ना?

तर प्रश्न असा की पैसे लॉटरीत घालू की पॉइंटमध्ये? आणि तिघांनी ग्रुप म्हणून अर्ज करावा की वेगवेगळा? जंगल फेडरल सरकारचं, टॅक्स मीही भरतो, मग हा भेदभाव कायद्यात बसतो कसा, हेही कुणी सांगितलं तर बरं.

रानवाट:
शेवटचं आधी. जंगल फेडरल असलं तरी त्यातला प्राणी राज्याच्या अखत्यारीत. मोंटानाच्या एल्क लायसन्सच्या जादा फीवर केस झाली होती, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे ॲरिझोनाच्या १० टक्के मर्यादेविरुद्ध लोक कोर्टात जिंकले, तर २००५ मध्ये काँग्रेसने कायदाच केला की राज्यं असा फरक करू शकतात. त्यामुळे तो राग सोडा.

न्यू मेक्सिकोचं एक लक्षात घ्या, तिथे तुमचा नंबर निघाला की कॉम्प्युटर तुमच्या अर्जातले पसंतीचे तिन्ही चॉइस बघतो आणि मगच पुढच्या माणसाकडे जातो. म्हणून पहिला चॉइस बिनधास्त स्वप्नातला टाका, तिसरा जरा कमी मागणीचा. कोलोरॅडोत उलटं, तिथे आधी सगळ्यांचे पहिले चॉइस संपतात मग दुसऱ्याकडे बघतात, पण दुसऱ्या चॉइसवर टॅग मिळाला तर पॉइंट जात नाहीत. मादीचे टॅग तिथे बरेचदा असेच निघतात. मांस हवं असेल तर शिंगांच्या मागे कशाला लागता?

दोनाचेचार:
लॉटरीचं गणित बघा. समजा दरवर्षी ५ टक्के शक्यता आहे. १० वर्षांत एकदा तरी लागण्याची शक्यता साधारण ४० टक्के, २० वर्षांत ६४. आणि ९ वर्षं नाही लागला म्हणून दहाव्या वर्षी जास्त नाही हां, परत ५ च. लोक इथेच फसतात.

वायोमिंगला ७५ टक्के टॅग जास्त पॉइंटवाल्यांना, २५ टक्के सगळ्यांत लॉटरीने, म्हणजे शून्यवाल्यालाही दार अगदी बंद नाही. एल्कचा पॉइंट ५२ डॉलर. पण तिथे ठरवून दिलेल्या विल्डरनेस (राखीव रान) भागात नॉनरेसिडेंटला गाईड किंवा सोबत स्थानिक रहिवासी लागतोच, युनिट निवडताना नकाशावर ते आधी बघा. ग्रुपमध्ये वायोमिंग पॉइंटची सरासरी काढतं, कोलोरॅडो सगळ्यात कमीवाल्याचे धरतं. तुम्ही तिघेही शून्य, तेव्हा तूर्त फरक नाही, पण ५० टॅगच्या युनिटला तिघांचा ग्रुप टाकू नका.

मायमावशी:
तिघांत कुणी एच वन बीवर आहे का? नॉनइमिग्रंट व्हिसावाल्याला फेडरल कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही, वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट आहे. लायसन्स संपलं की सूटही संपली, तारीख सांभाळा. ग्रीन कार्डवाल्यांना हे लागू नाही. शिवाय कोलोरॅडोला १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं, म्हणजे आपल्या सगळ्यांनाच 😄

मूळ धागाकर्ता:
खूप आभार, मावशी, एक जण आहे एच वन बीवर, त्याला लगेच पाठवतो हे. मग असं करतो, वायोमिंगला फक्त पॉइंट घेत राहायचं, न्यू मेक्सिकोत तिघं वेगवेगळे अर्ज करतो आणि ज्याचा लागेल त्याच्याबरोबर बाकीचे दोघं सामान उचलायला. कोलोरॅडोत पहिल्या चॉइसला नुसता पॉइंट मागायचा आणि दुसऱ्याला मादी. बायको म्हणते एवढ्या पैशात वर्षभराचं मटण येईल, त्यावर उत्तर नाही माझ्याकडे.

@रानवाट, मादीसाठी डोंगराच्या पश्चिम उताराकडे कुठली युनिट बघू? उघड सांगायचं नसेल तर व्यनि करा.