वडिलांची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत: फिस्टुला, पोटाचे डायलिसिस की प्रत्यारोपण?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील ६२ वर्षांचे आहेत आणि आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो. त्यांना सुमारे २० वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या महिन्यातील तपासणीत क्रिएटिनिन (रक्तात साठणारे टाकाऊ द्रव्य) ५.२ आणि ई-जीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या शक्तीचा अंदाज) १२ आले. आजार पाचव्या टप्प्यात पोहोचल्याचे सांगून मूत्रपिंडतज्ज्ञांनी डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी शीर तयार करण्याची शस्त्रक्रिया) करून घेण्याचा सल्ला दिला आहे. वडील मात्र अजून शेतावर जातात, दोन वेळ व्यवस्थित जेवतात आणि पायांवरची थोडी सूज सोडली तर त्यांना विशेष त्रास जाणवत नाही. त्यामुळे ‘मला काही होत नाही, मग हात कशाला कापून घेऊ’ असे म्हणून त्यांनी तो विषयच बंद केला आहे. एकदा डायलिसिसला लागलेला माणूस त्यातून सुटत नाही, असे गावात जो तो सांगतो आणि एका नातेवाइकांनी भस्माच्या पुड्याही आणून दिल्या आहेत.

फिस्टुला आत्ताच करण्याची गरज का आहे? पोटाचे डायलिसिस त्यांना झेपेल का? आणि डायलिसिसपर्यंत न जाता थेट प्रत्यारोपण करता येते का? वडिलांचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे, आईचा आणि माझा बी पॉझिटिव्ह. मी मूत्रपिंड द्यायला तयार आहे, पण माझे मूल लहान आहे, म्हणून वडील ते ऐकूनही घेत नाहीत.

नेफ्रो_सोलापूर

ताई, फिस्टुला करणे म्हणजे डायलिसिस सुरू करणे नव्हे, ही एक गोष्ट वडिलांना पटली तर पुढची अर्धी लढाई सोपी होईल. फिस्टुलामध्ये हाताची रोहिणी (धमनी) आणि नीला (शीर) एकमेकींना जोडतात. रोहिणीतील दाबाचे रक्त नीलेत शिरले की ती हळूहळू रुंद आणि जाड होत जाते आणि मगच तिच्यात डायलिसिसच्या जाड सुया वारंवार टोचता येतात. नीला अशी तयार होण्यास साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, मधुमेही व्यक्तींमध्ये बरेचदा त्याहून अधिक, आणि काहींमध्ये पहिला फिस्टुला चालत नाही म्हणून दुसरा करावा लागतो. शस्त्रक्रिया लहान असते, बहुधा केवळ हात बधिर करून होते.

हे आधी केले नाही तर काय होते, ते मी नेहमी पाहतो. रुग्ण धाप लागलेल्या अवस्थेत रात्री दाखल होतो, छातीत पाणी भरलेले असते, पोटॅशियम वाढलेले असते आणि मानेतील मोठ्या नीलेत नळी घालून तातडीने डायलिसिस करावे लागते. त्या नळीतून जंतुसंसर्ग होण्याचा धोका फिस्टुलाच्या तुलनेत कितीतरी अधिक असतो.

डायलिसिस नेमके कधी सुरू करावे, यावर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८२८ रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला होता आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ आकडा पाहून लवकर डायलिसिस सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, असे त्यातून दिसले. म्हणून वडिलांची प्रकृती आज आहे तशी राहिली तर फिस्टुला तयार ठेवूनही ते आणखी काही महिने डायलिसिसविना काढू शकतील. सतत मळमळ, अन्नावरची वासना जाणे, आडवे पडल्यावर दम लागणे, औषधांनी न उतरणारी सूज किंवा आटोक्यात न येणारे पोटॅशियम, ही डायलिसिस सुरू करण्याची वेळ आल्याची चिन्हे आहेत.

भस्माच्या पुड्या कृपया आजच बंद करा. अशा काही औषधांत पारा आणि शिसे आढळलेले आहे आणि उरलेली १२ टक्के शक्ती जपणे हेच आपले काम आहे. अंगदुखीवर मनाने घेतलेल्या गोळ्याही तितक्याच घातक ठरतात. आणखी एक बाब बहुतेक घरांत चुकीची समजली जाते. मूत्रपिंड मंदावले की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते, त्यामुळे साखर आपोआप कमी येऊ लागते आणि घरच्यांना वाटते की मधुमेह सुधारला. ती सुधारणा नसते, तर मधुमेहाच्या औषधांची मात्रा लगेच तपासून घेण्याची सूचना असते.

रत्नागिरीची_काकू

माझे यजमान पोटाच्या डायलिसिसवर आहेत, म्हणून त्यापुरते लिहिते. पोटात बेंबीजवळ एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून दोन लिटर द्रव आत सोडायचा, चार ते सहा तास ठेवायचा, मग काढून टाकायचा आणि नवा भरायचा, असे दिवसातून तीन-चार वेळा करावे लागते. ते सर्व घरी होते, यंत्र लागत नाही आणि जवळ डायलिसिस केंद्र नसलेल्या आमच्यासारख्यांना आठवड्यातून तीनदा प्रवास करावा लागत नाही.

मात्र हे काम चोखपणे करणारा माणूस घरात हवा. आमच्याकडे त्यासाठी एक खोली वेगळी ठेवली आहे. पिशवी बदलताना पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क आणि साबणाने घासून धुतलेले हात, यात एकदाही सूट नाही. बाहेर काढलेल्या द्रवाची पिशवी मी रोज छापील कागदावर ठेवून पाहते. अक्षरे तिच्यातून स्वच्छ वाचता आली तर ठीक. द्रव गढूळ दिसला किंवा पोटात दुखू लागले तर तो पोटातील आवरणाचा संसर्ग असू शकतो आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. तुमचे वडील मधुमेही आहेत म्हणून सांगते, या द्रवात ग्लुकोज असते, त्यामुळे साखर चढते, आणि त्याच वाटेने प्रथिने बाहेर जातात, म्हणून अंड्याचा पांढरा भाग किंवा डॉक्टर सांगतील ते वेळच्या वेळी द्यावे लागते. पूर्वी पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या असतील तर हा मार्ग कदाचित बंद असेल, हेही आधी विचारून घ्या.

अवयव_समन्वयक

डायलिसिस सुरू होण्यापूर्वीच प्रत्यारोपण करता येते आणि योग्य जिवंत दाता असेल तर तो सर्वांत चांगला मार्ग मानला जातो. ६२ हे वय आड येत नाही. मात्र मधुमेही रुग्णाचे हृदय आधी काळजीपूर्वक तपासतात, कारण भीती शस्त्रक्रियेपेक्षा हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अधिक असते.

तुमच्या घरातील अडचण रक्तगटाची आहे. ओ गटाच्या रुग्णाला नेहमीच्या पद्धतीने फक्त ओ गटाचेच मूत्रपिंड चालते, म्हणून आईचे किंवा तुमचे सरळ जुळणार नाही. रक्तातील विरोधी प्रतिपिंडे काढून गट न जुळताही प्रत्यारोपण करतात, परंतु त्याचा खर्च आणि संसर्गाचा धोका दोन्ही जास्त. दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करण्याची सोय कायद्यात आहे, पण ओ गटाच्या रुग्णासाठी अशी जोडी मिळणे कठीण जाते, कारण ज्या घरात ओ गटाचा दाता असतो त्या घराला बहुधा अदलाबदलीची गरजच पडत नाही.

त्यामुळे माझा पहिला प्रश्न वडिलांच्या भावंडांविषयी आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पती-पत्नी, आई-वडील, मुले आणि भावंडे हे जवळचे नातेवाईक मानले जातात आणि २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडेही त्यात आली. सख्ख्या भावंडांत ऊतींचे गुणधर्म पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारात एक असते. मात्र भावंडालाही मधुमेह असेल तर सहसा दाता म्हणून घेत नाहीत, आणि ज्या घरात मधुमेह आहे तेथे ही तपासणी फार कसून व्हायला हवी. दात्याशी आम्ही एकांतात बोलतो. त्याच्या मनात नसेल तर नातेवाइकांना केवळ ‘वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढेच कळवले जाते, आणि हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण आपल्याकडे मूत्रपिंड देणाऱ्यांत आया आणि बायकाच जास्त असतात आणि त्यांना नाही म्हणण्याची मोकळीक कोणी देत नाही.

मेंदूमृत दात्याकडून मूत्रपिंड मिळण्यासाठी मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत आपल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे नोंदणी होते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) अशा चार समित्या आहेत. प्रतीक्षा वर्षांची असते. डायलिसिस आणि प्रत्यारोपण या दोन्हींचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे, तेव्हा निवडलेले रुग्णालय योजनेत आहे का, हे आधी पाहावे. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मूत्रपिंड चालेल तोवर रोज घ्यावी लागतात आणि त्यांचा खर्च दर महिन्याचा असतो, हेही आजच हिशेबात धरावे.

माणदेशी_वाचक

माझ्या आजीने ८४ व्या वर्षी डायलिसिस नको असे ठरवले होते. तिचे हृदय फार दुबळे होते. औषधांनी धाप, खाज आणि मळमळ आटोक्यात ठेवून ती अखेरपर्यंत घरी राहिली आणि तिच्या बाबतीत तो निर्णय योग्यच होता, असे डॉक्टरांचेही मत होते. तुमच्या वडिलांची स्थिती तशी मुळीच नाही. त्यांचा नकार विचारपूर्वक आहे की भीतीतून आलेला आहे, हे त्यांच्याशी शांतपणे बोलून समजून घ्यावे, असे मनापासून वाटते.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. पुड्या बंद केल्या आहेत. धाकट्या काकांचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे आणि ते स्वतःहून तपासणीला तयार झाले, त्यांच्या साखरेचा अहवाल यायचा आहे. हे कळल्यावर वडील म्हणतात, ‘भावाचे मिळणार असेल तर फिस्टुला कशाला?’ याला काय उत्तर द्यावे?

नेफ्रो_सोलापूर

दात्याच्या तपासण्या आणि कागदपत्रे यांत काही महिने सहज जातात आणि त्यात काका अपात्रही ठरू शकतात. तपासण्या लवकर उरकल्या आणि वडिलांची प्रकृती टिकली तर डॉक्टर फिस्टुला थांबवूही शकतील, परंतु तो निर्णय साखरेचा अहवाल आल्यावर त्यांनीच घ्यावा. तोवर डाव्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाइन लावू देऊ नका आणि रक्तदाबही उजव्या हातावरच मोजायला सांगा, म्हणजे त्या हाताच्या शिरा शाबूत राहतील. कावीळ ‘ब’ची लस आत्ताच सुरू करा. या रुग्णांना तिची मात्रा दुप्पट लागते आणि मूत्रपिंडे जितकी खालावतात तितकी ती कमी लागू पडते. रक्त कमी असल्यास शक्यतो बाहेरचे रक्त न चढवता लोह आणि एरिथ्रोपोएटिन (रक्तपेशी वाढवणारे संप्रेरक) यांच्या इंजेक्शनांनी वाढवावे, कारण चढवलेल्या रक्तामुळे तयार होणारी प्रतिपिंडे पुढे काकांचे मूत्रपिंड जुळण्यातही अडथळा आणू शकतात. पुढच्या भेटीला काकांनाही सोबत घेऊन जा.