मदत हवी आहे: एकाच वेबटाइल्स सर्व्हरवर क्रॉलच्या दोन आवृत्त्या

डन्जन क्रॉल स्टोन सूप (थोडक्यात क्रॉल) हा गेम सोर्समधून बिल्ड करून उबुंटू 22.04 वर चालवतोय. रॅम 2 जीबीच आहे, म्हणून बिल्डची मेक कमांड एकाच जॉबवर. डॉकर नको आहे. सबमॉड्यूल आणलेत, बिल्ड करताना वेबटाइल्स (ब्राउझरमधून खेळायची सोय) चालू ठेवलंय. 8080 पोर्टवर लॉबी (खेळ निवडायचं पान) दिसते, ट्रंक (विकासातली ताजी आवृत्ती) नीट चालतो.

आता शेजारी जुनी स्थिर आवृत्ती हवी आहे. नव्या बायनरीने सेव्ह एकदा अपग्रेड केला की तो जुनीत उघडत नाही, आणि मित्रांचे अर्धवट खेळ वाया जाऊ द्यायचे नाहीत. कॉन्फिगमध्ये दुसरी नोंद केली: बायनरी, क्लायंट पाथ, सेव्हचं फोल्डर, सॉकेटचं (ज्यातून सर्व्हर आणि बायनरी बोलतात) फोल्डर, सगळं वेगळं. नोंद लॉबीत येते, पण खेळावर क्लिक केलं की क्षणभर लोडिंग आणि परत लॉबी.

जुन्या आवृत्तीची तीच बायनरी टर्मिनलमध्ये व्यवस्थित चालते. सॉकेटच्या फोल्डरला लिहिण्याची परवानगी आहे, आणि पूर्ण पाथ 108 बाइटच्या मर्यादेत बसतो (हे आधी विचारलं जातं म्हणून सांगतोय). सर्व्हर ट्रंकच्या सोर्समधलाच आहे.

सर्व्हर बायनरीला देतो ती पूर्ण कमांड आणि बायनरी बंद पडतानाचा एरर लॉगमध्ये कसा आणायचा? आणि जुन्या आवृत्तीच्या नोंदीत नेमका कुठला पर्याय बदलावा लागतो?